एका कामाला दोन वकील कशाला?

पत्र (संक्षिप्त): मी २०१५ पासून इंग्लंडमध्ये, रेडिंग येथे, घरगुती गोडा मसाला, मेतकूट आणि भाजणी विकते. सुरुवात मंडळाच्या दिवाळी मेळाव्यातल्या एका टेबलापासून झाली, पुढे शनिवारच्या बाजारात जागा मिळाली, मग आम्ही पती-पत्नींनी कंपनी स्थापन केली आणि आता सात-आठ दुकाने आमचा माल ठेवतात. गेल्या आठवड्यात लंडनच्या एका सॉलिसिटर फर्मचे पत्र आले. आमच्याच नावाचा ट्रेडमार्क त्यांच्या अशिलाने २०१८ मध्ये अर्ज करून मसाल्यांसह अनेक पदार्थांसाठी नोंदवला आहे. १४ दिवसांत नाव सोडा, सोबतच्या हमीपत्रावर सही करा आणि आजवरचा नफा द्या, अन्यथा कंपनीवर आणि तुम्हा दोघांवर व्यक्तिशः दावा करू, असे त्यात म्हटले आहे. आमच्या हाउन्स्लोच्या दुकानदारालाही असेच पत्र गेले आणि त्याने माल फळीवरून उतरवला. त्या कंपनीचे गोठवलेले पराठे मी साधारण साडेतीन वर्षांपासून दुकानांत पाहते आहे. मसाले मात्र कधी पाहिले नाहीत. ज्यांनी आमच्या घराची कागदपत्रे केली ते सॉलिसिटर म्हणतात की बौद्धिक संपदेत काम करणाऱ्या बॅरिस्टरचे लेखी मत घ्या. यजमान म्हणतात की एका कामाला दोन वकील कशाला, बॅरिस्टर आपल्याला परवडणारही नाही, त्यापेक्षा नाव बदलून मोकळे होऊ. नव्या पिशव्या छापायला दिल्या आहेत. काय करावे?

सप्रेम नमस्कार,

तुमच्या विनंतीप्रमाणे व्यवसायाचे नाव छापलेले नाही. उत्तरात सोयीसाठी त्याला 'फोडणी' हे कल्पित नाव देते. सर्वप्रथम, त्या हमीपत्रावर आज सही करू नका आणि त्या फर्मला दूरध्वनीही करू नका. अशा हमीपत्राला बहुधा मुदत नसते. एकदा सही झाली की पुढे त्यांची नोंदणी मसाल्यांपुरती रद्द झाली तरी तुम्ही दिलेला शब्द तुम्हाला करार म्हणून बांधून ठेवू शकतो.

तुमच्या यजमानांची शंका रास्त आहे आणि तिचे मूळ आपल्याकडच्या अनुभवात आहे. आपल्या पिढ्यांना 'बॅरिस्टर' हा शब्द नावाआधीच्या 'बॅ.' या उपाधीमुळे परिचित झाला. विलायतेहून परतलेला, कोर्टात उभा राहून समोरच्याला निरुत्तर करणारा मोठा वकील, असे त्याचे चित्र मनात असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनच्या ग्रेज इन या बॅरिस्टर घडवणाऱ्या संस्थेतून १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले, तेव्हा त्या शब्दाला हिंदुस्थानात तेच वजन होते. पुढे १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टने सर्व वकिलांचा एकच वर्ग केला. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत सॉलिसिटरने प्रकरण तयार करायचे आणि अ‍ॅडव्होकेटने ते मांडायचे ही दुहेरी पद्धत त्यानंतरही काही वर्षे टिकली आणि १९७६ च्या दुरुस्तीने तीही संपली. त्यामुळे आज महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला दोन वकील म्हणजे दुहेरी खर्च वाटणे स्वाभाविक आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये मात्र ही विभागणी अजून जिवंत आहे, आणि तुमच्यासारख्या लहान व्यवसायाला ती अनेकदा स्वस्तात पडते. सॉलिसिटर प्रकरण दिवसेंदिवस सांभाळतो, पत्रव्यवहार करतो, पुरावा गोळा करतो. बॅरिस्टर बहुतेक वेळा स्वतंत्र व्यावसायिक असतो; काही सहकाऱ्यांबरोबर तो एका 'चेंबर्स'मध्ये बसतो आणि नेमून दिलेल्या ठरावीक कामापुरते आपले ज्ञान देतो. ते काम खटला चालवण्याचे असेल किंवा एका प्रश्नावर दहा पानांचे लेखी मत देण्याचे असेल. तुम्हाला सध्या दुसरे हवे आहे. न्यायालयात उभे राहायला माणूस शोधण्याची वेळ अजून आलेली नाही आणि योग्य मत वेळेवर मिळाले तर कदाचित येणारही नाही. घराची कागदपत्रे करणाऱ्या तुमच्या सॉलिसिटरने स्वतः सल्ला न देता विशेषज्ञाकडे बोट दाखवले, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची खूण समजा.

विशेषज्ञच का, हे तुमच्याच पत्रावरून सांगते, कारण तुम्ही सहज लिहिलेल्या तीन वाक्यांत तुमचे सगळे प्रकरण सामावले आहे.

नाव तेच आणि माल तोच, अशा स्थितीत ट्रेडमार्क्स अ‍ॅक्ट १९९४ च्या कलम १० नुसार ग्राहकांचा गोंधळ होतो हे सिद्ध करण्याचीही समोरच्याला गरज राहत नाही. त्यामुळे 'आमची पिशवी निराळी, त्यांचा डबा निराळा' हा बचाव इथे फारसा उपयोगी नाही, आणि अशा पत्राला घाईने दिलेल्या उत्तरात लोक नेमका हाच बचाव लिहून पाठवतात. तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे: त्यांची नोंदणी तुमच्याविरुद्ध टिकते का?

पहिले वाक्य: तुम्ही २०१५ पासून विकता आणि त्यांचा अर्ज २०१८ चा आहे. नोंदणी नसलेल्या नावालाही इंग्लंडचा कायदा 'पासिंग ऑफ' (दुसऱ्याच्या लौकिकावर आपला माल खपवण्यास मनाई) या तत्त्वाने संरक्षण देतो. त्यासाठी नावाभोवती जमलेला लौकिक, ग्राहकांची दिशाभूल आणि त्यातून होणारे नुकसान या तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. असा लौकिक समोरच्याच्या अर्जाच्या तारखेआधी तुमच्याकडे असेल, तर त्याच्या आधारे त्यांची नोंदणी अवैध ठरवून मागता येते. 'पण आम्ही फक्त रेडिंगपुरते होतो' असे तुम्ही म्हणाल, तर एका पिझ्झाच्या खटल्याची आठवण करून देते. बर्मिंगहॅममध्ये 'कॅस्पियन' नावाने पिझ्झाची उपाहारगृहे चालवणाऱ्यांनी ते नाव नोंदवले होते आणि वूस्टरमध्ये त्याच नावाने धंदा करणाऱ्यांवर दावा लावला. नोंदणीच्या अर्जाआधीच वूस्टरच्या लोकांचा त्या शहरात लौकिक झालेला होता, तेवढ्या एका गावाच्या लौकिकावर त्या शब्दाची नोंदणी अवैध ठरली, आणि २०१७ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला. दिवाळी मेळाव्यातल्या टेबलापासून २०१८ पर्यंत तुमचा पसारा किती वाढला होता, यावर आता सारे अवलंबून आहे. लौकिक लहान असला तरी चालतो, पण अगदी नगण्य असून चालत नाही, आणि ही रेषा कुठे पडते हे ओळखायला असे अनेक निकाल वाचलेला माणूस लागतो.

दुसरे वाक्य: त्यांचे मसाले तुम्ही कधी पाहिले नाहीत. नोंदणी पूर्ण झाल्यापासून पाच वर्षे उलटल्यावर ज्या मालासाठी चिन्ह खरोखर वापरले गेले नाही, त्या मालापुरती नोंदणी रद्द करून मागता येते. शिवाय दावा झालाच तर 'आधी वापर सिद्ध करा' असे प्रतिवादी म्हणू शकतो. त्यांनी नोंदणीत दहा पदार्थ लिहिले असतील आणि विकत असतील केवळ पराठे, तर मसाल्यांपुरती त्यांची बाजू पोकळ निघू शकते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्काय विरुद्ध स्कायकिक या खटल्यात, वापराचा प्रामाणिक हेतू नसताना अवाढव्य यादीसाठी नोंदणी करणे हा दुष्ट हेतू ठरू शकतो, असेही म्हटले. पण तो मुद्दा तुमच्या प्रकरणात ताणू नये असे मला वाटते, कारण खाद्यपदार्थांच्या कंपनीने मसाल्यांसाठी नोंदणी करण्यात वावगे काही दिसत नाही. वापर नसल्याचा मुद्दा मात्र उत्तरात केव्हा उघड करायचा यालाही महत्त्व आहे. आज तो पत्रात लिहून स्वस्थ बसलात तर समोरचा उद्या मसाल्याची पाकिटे बाजारात आणू शकतो, आणि अशा उशिरा सुरू केलेल्या वापराला कायदा केव्हा मोजतो आणि केव्हा मोजत नाही याचे महिन्यांचे गणित आहे. ते गणित माझ्या सदरावरून करू नका.

तिसरे वाक्य तुमच्यासाठी सर्वांत धोक्याचे आहे: तुम्ही त्यांचा माल साडेतीन वर्षांपासून पाहता आहात. आधीचा हक्क असलेल्या व्यक्तीने नंतरच्या नोंदलेल्या चिन्हाचा वापर माहीत असूनही सलग पाच वर्षे खपवून घेतला, तर त्या हक्काच्या बळावर नोंदणीला आव्हान देण्याची वाट सहसा बंद होते. म्हणजे 'बघू, पुढचे पत्र आले तर उत्तर देऊ' हा मार्ग तुमचा सर्वांत बळकट मुद्दा हळूहळू खाऊन टाकणारा आहे. तुम्ही तो पराठ्याचा डबा प्रथम कधी पाहिला, कोणाला त्याचे छायाचित्र पाठवले, त्यावर काय लिहिले, हे बॅरिस्टरला जसेच्या तसे सांगा. अडचणीची वाटणारी गोष्ट लपवली, तर मिळणारे मत दुसऱ्याच कोणाच्या प्रकरणाचे असेल.

नावाच्या अर्थाचाही एक मुद्दा आहे. तुमचा खरा शब्द स्वयंपाकघरातला आहे आणि मराठी माणसाला तो मालाचे वर्णन वाटतो. युरोपीय न्यायालयाने २००६ मध्ये, गादीसाठीचा जर्मन शब्द स्पेनमध्ये ट्रेडमार्क होऊ शकतो असे म्हटले, मात्र तिथल्या संबंधित ग्राहकांना त्याचा अर्थ कळत असेल तर होऊ शकत नाही, हेही सांगितले. रेडिंगमध्ये गोडा मसाला घेणारा ग्राहक कोण, यावर वाद होऊ शकतो. माझ्या मते हा तुमचा दुय्यम मुद्दा आहे, आणि दुधारीही: शब्द केवळ वर्णनच आहे असे ठरले तर त्याभोवती तुमचा लौकिक जमला हे सांगणेही कठीण होते.

आता पत्रातल्या धमकीविषयी. तुम्हा दोघांवर व्यक्तिशः दावा करण्याची भाषा संचालकांना घाबरवण्यासाठी नेहमीच वापरली जाते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये लाइफस्टाइल इक्विटीज विरुद्ध अहमद या खटल्यात स्पष्ट केले, की संचालक कंपनीच्या कृत्यात साथीदार म्हणून जबाबदार ठरायचा असेल तर ते कृत्य ज्यामुळे बेकायदा ठरते ती मूलभूत वस्तुस्थिती त्याला माहीत असावी लागते, आणि कंपनीने कमावलेला नफा संचालकाकडून वसूल करता येत नाही. यातली मेख अशी, की पत्र हाती पडल्यावर 'आम्हाला माहीत नव्हते' हे म्हणणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. पत्राच्या आधीचा काळ आणि नंतरचा काळ यांचा हिशेब म्हणूनच वेगळा ठेवा.

हाउन्स्लोच्या दुकानदाराला गेलेल्या पत्राची प्रत आजच मागून घ्या. २०१७ मध्ये झालेल्या कायद्याने अनाठायी धमक्यांविषयीचे नियम नव्याने लिहिले गेले. जो माणूस माल बनवतो आणि त्यावर नाव छापतो त्याला दाव्याची धमकी देण्यास बरीच मोकळीक आहे, पण जो केवळ विकतो त्याला दिलेली धमकी, चिन्हाचा भंग झालाच नसेल तर, धमकी देणाऱ्याच्याच अंगावर येऊ शकते, आणि तिच्यामुळे ज्याचे नुकसान झाले तो भरपाई मागू शकतो. फळीवरून तुमचा माल उतरला हे तसे नुकसान आहे. ती प्रत साधी माहिती देणारी आहे की धमकी आहे, हे शब्दाशब्दावर ठरते. मला प्रत न पाहता बोलता येत नाही. बॅरिस्टरला दाखवल्यावर पहिल्या अर्ध्या तासात ते सांगता येईल.

परवडण्याबद्दल. इंग्लंडमध्ये लहान व्यवसायांच्या बौद्धिक संपदेच्या वादांसाठी वेगळे न्यायालय आहे, इंटेलेक्च्युअल प्रॉपर्टी एंटरप्राइज कोर्ट, जे २०१३ मध्ये आधीच्या पेटंट्स काउंटी कोर्टाच्या जागी आले. तिथे नुकसानभरपाई ५ लाख पौंडांपर्यंत मर्यादित आहे, आणि हरलेल्या पक्षाने जिंकलेल्याचा खर्च भरण्यालाही सामान्यतः मर्यादा आहे: दायित्व (म्हणजे भंग झाला का हे) ठरवण्याच्या टप्प्यासाठी ६० हजार पौंड, रक्कम ठरवण्याच्या टप्प्यासाठी ३० हजार. ट्रेडमार्क आणि पासिंग ऑफचे १० हजार पौंडांपर्यंतचे दावे तिथल्याच लहान दाव्यांच्या शाखेत जातात आणि त्या शाखेत प्रत्येकाने आपल्या वकिलाचा खर्च बहुतांशी आपणच सोसायचा असतो. हे आकडे मनात असू द्या, कारण तडजोडीच्या वेळी 'लाखो पौंडांचा खर्च तुमच्या डोक्यावर बसेल' असे ऐकायला मिळेल.

या न्यायालयात ट्रेडमार्क अ‍ॅटर्नी नावाचे तिसऱ्या प्रकारचे व्यावसायिकही तुमचे वकील म्हणून काम चालवू शकतात. यजमानांना आणखी एक नाव ऐकून वैताग येईल हे मला कळते, पण तुमच्या प्रकरणात मी हीच जोडी सुचवीन: रोजच्या कामाला एक ट्रेडमार्क अ‍ॅटर्नी आणि त्याच्यामार्फत मतापुरता बॅरिस्टर. घराच्या कागदपत्रांचे सॉलिसिटर या व्यवहारात मध्ये असण्याची गरज नाही. बॅरिस्टरकडे थेट जाण्याचीही सोय आहे, तिला 'पब्लिक अ‍ॅक्सेस' म्हणतात. मात्र प्रत्येक बॅरिस्टर असे काम घेत नाही, तो तुमचे पैसे अनामत ठेवू शकत नाही आणि बहुधा पत्रव्यवहार व न्यायालयातले कागद तुम्हालाच सांभाळावे लागतात. तुम्ही मसाले भाजता, हिशेब पाहता, दुकानांना माल पोचवता. १४ दिवसांच्या मुदती सांभाळण्याचा भार त्यावर घेऊ नये असे मला वाटते. बॅरिस्टरांची संघटना असलेल्या बार कौन्सिलच्या डायरेक्ट अ‍ॅक्सेस पोर्टलवर असे बॅरिस्टर शोधता येतात आणि त्यांची नोंद बार स्टँडर्ड्स बोर्ड या नियामक संस्थेच्या नोंदवहीत तपासता येते.

या क्षेत्रातल्या चेंबर्सची वस्ती जुनी आहे, लिंकन्स इनमधल्या न्यू स्क्वेअरभोवती आणि ग्रेज इनच्या साउथ स्क्वेअरमध्ये ती एकवटलेली दिसते. तिथे चौकशी केली की आधी बॅरिस्टर भेटत नाही, क्लार्क भेटतो. हा क्लार्क म्हणजे कारकून नव्हे. कोणते काम कोणी घ्यावे आणि काय दराने, हे तोच ठरवतो, आणि त्याच्याशी शुल्काबद्दल घासाघीस करणे अजिबात अप्रशस्त मानले जात नाही. लेखी मतासाठी ताशी दर न स्वीकारता एकरकमी शुल्क मागा, त्यात मतानंतरची एक बैठक धरली आहे का ते विचारा, आणि २० टक्के व्हॅट वेगळा आहे का हे लेखी घ्या. किंग्ज कौन्सेल, म्हणजे ही मानाची पदवी मिळालेले ज्येष्ठ बॅरिस्टर, हवेत असा आग्रह धरू नका. तिथे 'ज्युनिअर' म्हणवणारा माणूस वीस वर्षांचा अनुभवी असू शकतो. पेटंटचे बॅरिस्टर अनेकदा रसायनशास्त्र वा भौतिकशास्त्राचे पदवीधर असतात, त्याचा तुम्हाला उपयोग नाही. ट्रेडमार्क आणि पासिंग ऑफचे खटले लढवलेला माणूस मागा. समोरच्या पक्षाचा बॅरिस्टर त्याच चेंबर्समधला निघाला तर दचकू नका, ते भागीदार नसतात आणि एकमेकांविरुद्ध नेहमी उभे राहतात.

मताची किंमत विचारलेल्या प्रश्नावर ठरते, हे मी उमेदवारीच्या काळात शिकले. एका प्रकरणात मी बॅरिस्टरकडे तीनशे पानांचा गठ्ठा पाठवला आणि खाली लिहिले, 'कृपया सल्ला द्यावा.' परत आलेल्या चिठ्ठीत एकच ओळ होती: कशाबद्दल? तुमचे प्रश्न तीन असावेत. आमचा २०१८ पूर्वीचा लौकिक नोंदणीला आव्हान देण्याइतका आहे का? मसाल्यांपुरता वापराचा अभाव आम्ही कधी आणि कुठे मांडावा, न्यायालयात की न्यूपोर्टच्या बौद्धिक संपदा कार्यालयात, जिथे हरल्यास द्यावा लागणारा खर्च ठरावीक तक्त्यानुसार आणि बराच कमी असतो? दुकानदाराला गेलेले पत्र कारवाईयोग्य आहे का? याला जोडून २०१५ ते २०१८ च्या पावत्या, बाजारातल्या जागेचे भाडे, स्थानिक परिषदेकडची खाद्यव्यवसायाची नोंद, जुन्या चिठ्ठ्यांची छायाचित्रे, ऑर्डरचे संदेश आणि बँकेचे उतारे तारखेच्या क्रमाने लावून द्या. हे काम तुम्ही स्वतः केले तर शुल्क लक्षणीय उतरते.

मत मागण्यापूर्वी व्यवसायाच्या विम्यात कायदेशीर खर्चाचे कलम आहे का ते पाहा, आणि असल्यास विमा कंपनीला लगेच कळवा. उशीर झाला की ती हात झटकते. पैशांची अगदीच ओढाताण असेल तर 'आयपी प्रो बोनो' ही मोफत कायदेशीर साहाय्याची योजना तुमच्यासारख्यांसाठीच आहे.

नाव बदलण्याचा यजमानांचा विचार मी वेडेपणाचा मानत नाही. तुमचा २०१८ पूर्वीचा पुरावा क्षीण निघाला, तर सहा महिन्यांची मुदत, जुना साठा विकण्याची परवानगी आणि नफ्याचा दावा सोडणे एवढ्यावर केलेली तडजोड मी स्वतःच सुचवीन. फरक इतकाच, की ती पदरात काय आहे हे जाणून केलेली असेल. समाजमाध्यमांवर गाऱ्हाणे मांडण्याचा मोह मात्र टाळा. २०१३ मध्ये 'फो' या व्हिएतनामी सूपच्या नावावर हक्क सांगणाऱ्या उपाहारगृहांच्या साखळीने लंडनमधल्या एका लहान उपाहारगृहाला नाव बदलायला सांगितले आणि लोकक्षोभामुळे माघार घेतली, हे खरे. पण तुमच्या बाजूने चार लोक उभे राहतील याची खात्री नाही, आणि तुम्ही रागात लिहिलेले वाक्य पुरावा म्हणून परत येईल याची बरीच खात्री आहे.

मुदतीपूर्वी दोन ओळींचे उत्तर पाठवा: पत्र मिळाले, विशेषज्ञाचा सल्ला घेत आहोत, सविस्तर उत्तरासाठी २८ दिवस द्यावेत. दावापूर्व आचरणाच्या नियमांत १४ दिवस हा सोप्या प्रकरणांचा काळ आहे, गुंतागुंतीच्या प्रकरणांत तीन महिन्यांपर्यंत वेळ वाजवी मानला जातो, त्यामुळे या विनंतीत गैर काही नाही.

राहिल्या पिशव्या. छपाई झाली नसेल तर थांबवा. झाली असेल तर मत हाती येईपर्यंत जुन्याच पिशव्या वापरा, आणि नव्यांपैकी एकही दुकानात पाठवू नका.